कोमट चादरींची गाडी

धुलाईची दोन्ही मशीनं त्या दिवशी एकदमच थांबली, नाहीतर ते भांडण कुणाच्या कानावर पडलंच नसतं. लाँड्रीत एरवी इतकी घरघर असायची की समोर उभं राहून कुणी शिव्या घातल्या तरी ऐकणाऱ्याला वाटावं, चहा घेणार का विचारतोय. सून तेव्हा नवीकोरी. ओल्या टेबलक्लॉथचा पिळा दोन्ही हातांत धरून ती ड्रायरच्या मागे उभी होती, आणि पुढच्या खोलीत इस्त्रीच्या टेबलाशी सासूबाई आणि त्यांचा धाकटा भाऊ एकमेकांना ऐकवत होते.

हा भाऊ म्हणजे तिच्या नवऱ्याचा मामा. घरातले त्याला मामा म्हणत, गिऱ्हाइकंही मामाच म्हणत, आणि रागावलेल्या नसल्या तर सासूबाईसुद्धा मामाच म्हणत. रागावल्या की ‘हे बघ बाबा’ सुरू व्हायचं. त्या दिवशी ‘हे बघ बाबा’ चाललं होतं.

भांडण गाडीवरून. लाँड्रीची जुनी पेट्रोलची व्हॅन भर चौकात बंद पडली होती आणि गॅरेजवाल्याने तिच्याकडे नुसतं बघूनच मान हलवली होती. सासूबाईंचं म्हणणं, आता गाडीच नको, कपडे पोचवायला भाड्याचा टेंपो लावू, त्याची दुखणीखुपणी त्याचा मालक बघेल. मामाला मात्र गाडी हवी होती. आणि तीही सरळसाधी नाही, हायब्रिड. एका डॉक्टरीणबाईंनी वापरून विकायला काढलेली. तिच्यात पेट्रोलचं इंजिनही होतं आणि विजेची मोटरही. सावकाश चालली की विजेवर चालायची, जोर लागला की पेट्रोल मदतीला यायचं, आणि ब्रेक दाबला की चाकांतली ताकद वाया न जाता परत बॅटरीत जमा व्हायची. मामाचं हे सगळं बहिणीला एखाद्या स्थळाची माहिती सांगावी तसं सांगून झालं होतं.

“एका गाडीत दोन इंजिनं,” सासूबाई म्हणाल्या, “म्हणजे एका घरात दोन सासवा. एक रुसली की दुसरी पण रुसणार, आणि समजूत काढत कोण बसणार? मी.”

“अगं आक्का, त्या आलटून पालटून काम करतात. म्हणून तर दोघी टिकतात.”

“आलटून पालटून काम करणाऱ्या दोन सासवा तू कुठं पाहिल्यास? मला सांग, मी तिकीट काढून बघायला येते.”

सुनेने टेबलक्लॉथचं टोक तोंडात कोंबलं. नव्या नवरीने सासूच्या बोलण्यावर हसायचं की नाही, हे तिला अजून कुणी शिकवलं नव्हतं. पण पुढचं वाक्य आलं तेव्हा ते टोक तिच्या तोंडातून आपोआप गळून पडलं. मामा आवाज खाली आणून म्हणाला, “गाडी नसली तर मी या घरात कोण, आक्का? इस्त्री मला येत नाही, गल्ल्यावर बसलो तर मी सगळ्यांना सूट देतो. बहिणीच्या घरी बसून खाणारा भाऊ म्हणून मला नाही राहायचं. मग मी आपला जातो.”

सासूबाईंनी इस्त्री जोरात दाबली, वाफ फुसफुसली. मग सासूबाई म्हणाल्या, “जातो म्हणे. जाशील कशात बसून? व्हॅन तर मेली.”

त्याच आठवड्यात डॉक्टरीणबाईंची राखाडी गाडी लाँड्रीच्या मागच्या आवारात येऊन उभी राहिली.

मामाची कथा फार मोठी नव्हती. तो ज्या कारखान्यात होता तो बंद पडला तेव्हा बहिणीकडे चार दिवस म्हणून आला. तेवढ्यात बहिणीचे यजमान अचानक गेले. लाँड्री, कर्ज आणि शाळेत जाणारा मुलगा असं सगळं तिच्या एकटीच्या अंगावर पडलं, आणि मामाने न विचारता व्हॅनची किल्ली खिशात टाकली. लग्न त्याने केलं नाही. कुणी विचारलं तर म्हणायचा, मी इथं चार दिवसांसाठी आलोय, चार दिवसांत लग्न कुठं जमतं? भाचा वाढला, मिसरूड फुटलं, त्याचं लग्न झालं, तरी मामाचे ते चार दिवस काही संपले नाहीत.

सुनेचं आणि त्याचं पहिल्या दिवशीच वाजलं होतं. ड्रायरमध्ये कपडे वाळताना त्यातून बारीक लव सुटते, ती आतल्या जाळीवर जमते. जाळी साफ न करता सुनेने दुसरा घाणा लावला आणि मामा कुठूनसा धावत आला. आधी जाळी, मग घाणा, त्याने सांगितलं, नाहीतर एक दिवस सगळं पेट घेईल. “ड्रायरला श्वास घेऊ दे, पोरी,” असं म्हणून त्याने जाळीवरची लव एका हाताने अशी सोलून काढली की तिचा अख्खा मऊ रुमालच निघाला. लाँड्रीतल्या प्रत्येकाने हे व्याख्यान ऐकलं होतं. नव्या माणसाला ते पगाराआधी मिळायचं.

त्याची खरी ऐट मात्र वेगळ्याच गोष्टीत होती. मामा कपडे कोमट पोचवायचा. इस्त्रीवरून घडी उतरली की गठ्ठा तसाच उचलायचा, मागच्या सीटवर, उजव्या दाराला नीट टेकवून ठेवायचा म्हणजे वळणावर घडी मोडत नाही, आणि सुटायचा. बाळंतिणींच्या दवाखान्यात चादरी, केस कापणाऱ्याकडे टॉवेल, दोन लहान हॉटेलांत उशांचे अभ्रे. गठ्ठा हातात देताना तो एकच वाक्य म्हणायचा, “घ्या, गरम आहेत तोवर.” जसं काही ताटच वाढतोय. दवाखान्यातल्या मोठ्या नर्सबाई दिसायला करारी, कुणाशी कारणाशिवाय बोलायच्या नाहीत, पण सही करायच्या आधी गठ्ठ्याला क्षणभर गाल लावायच्या. मामाने हे घरी सांगितलं तेव्हा सासूबाई म्हणाल्या की बाईंना झोप कमी मिळत असेल. पण पुढच्या वेळी चादरींना त्यांनी स्वतः इस्त्री मारली.

ऊब टिकावी म्हणून मामा गाडीच्या काचा उघडायचा नाही. एसीला तर त्याने कधी हातच लावला नाही. भर उन्हाळ्यात घामाने निथळत यायचा, शर्ट अंगाला चिकटलेला, आणि गठ्ठा मात्र उशीसारखा उबदार. घरी आला की सासूबाई म्हणायच्या, कपड्यांबरोबर यालाही एकदा मशीनमधून काढा.

गाडीने मामाला खोटं पाडलं नाही. जुन्या व्हॅनला आठवड्याला जेवढं पेट्रोल लागायचं तेवढ्यात ही निम्मा महिना काढायची, कारण लाँड्रीची फेरी म्हणजे दर दोन दुकानांनंतर थांबा, आणि या गाडीला थांबत थांबत जाणंच मानवायचं. ब्रेक झिजता झिजत नव्हते. एकदा मात्र सकाळी सकाळी ती जागची हलेना. मामा पांढराफटक. सासूबाईंनी लगेच दोन्ही सासवांची आठवण काढली. निघालं काय, तर मोठी बॅटरी ठणठणीत, मागच्या कोपऱ्यात दडलेली साध्या गाडीत असते तसली धाकटी बॅटरी मेलेली. गाडी जागी करायचं काम तिचं, आणि तिनेच डोळे मिटले. मामाने नवी आणून बसवली आणि आठवडाभर सांगत फिरला की घरातल्या धाकट्यांना विचारल्याशिवाय काही चालत नाही. हे म्हणताना तो सुनेकडे बघायचा.

रस्त्याच्या पलीकडे बेकरी होती. बेकरीवाला मामाच्याच वयाचा, पोट पुढे, आवाज त्याहून पुढे. मामाची गाडी आली आणि वर्षभरात त्याने विजेवर चालणारी व्हॅन घेतली. झालं. तेव्हापासून दुपारच्या निवांत वेळेला बेकरीपुढच्या बाकावर दोघांची रोज जुंपायची. एकाचं सामान गरम, दुसऱ्याचंही गरम, त्यामुळे मुळातच चढाओढ होती, तिच्यात आता गाड्यांची भर पडली. बेकरीवाला म्हणायचा, माझ्या गाडीला तेल नको, पेट्रोल नको, धूर नको, रात्री फोनसारखी तार लावली की सकाळी तयार. मामा म्हणायचा, आणि लांबच्या गावची लग्नाची ऑर्डर आली की रस्त्यात तीच तार शोधत फिरायचं. बेकरीवाला म्हणायचा, तुझी गाडी म्हणजे धड ना इकडची ना तिकडची. मामा म्हणायचा, म्हणूनच ती कुठंही अडत नाही.

खर्चाच्या बाबतीत दोघेही पक्के लबाड. बेकरीवाल्याच्या जड व्हॅनचे टायर पटकन झिजायचे, तर नवे टायर तो दुसऱ्या भागात जाऊन टाकून यायचा आणि चिखल फासून आणायचा. मामाच्या गाडीचं काही निघालं तर तो ‘डॉक्टरीणबाईंना भेटायला जातो’ म्हणून निघायचा. दोघांच्याही घरच्यांना सगळं माहीत होतं. फक्त त्या दोघांना एकमेकांचं माहीत नव्हतं, निदान त्यांना तसं वाटत होतं.

अशी बरीच वर्षं गेली. सुनेची मुलगी शाळेत जायला लागली. सासूबाईंचे गुडघे कुरकुरायला लागले. आणि गाडीच्या मागच्या सीटपाशी एक गुणगुण ऐकू येऊ लागली. आधी बारीक, मग भुंग्यासारखी. मामा म्हणाला, ओझं जास्त झालं की ती सुस्कारे टाकते, या वयात कोण टाकत नाही? मग पेट्रोल थोडं जास्त लागायला लागलं. आणि एका दुपारी, हॉटेलचे अभ्रे पोचवून येताना, समोरच्या काचेखाली लाल त्रिकोण पेटला. गाडीतला जोरच गेला. रिकामी असूनही चढावर अशी ओढत होती, जणू मागे कुणी दोरी धरून बसलंय.

मोठ्या शोरूममध्ये तपासणी झाली. तिथला मुलगा सभ्य होता, पाणीबिणी दिलं, आणि सांगितलं की मोठी बॅटरी संपत आली आहे, आम्ही ती उघडत नाही, पूर्ण नवीच बसवतो. नव्या बॅटरीची किंमत ऐकून मामाने पाण्याचा ग्लास न पिताच खाली ठेवला. तेवढ्यात तसलीच जुनी गाडी आली असती आणि वर सासूबाईंना नवं कपाटही.

रात्रीच्या जेवणाला भाच्याने, म्हणजे सुनेच्या नवऱ्याने, विषय काढला. माणूस मनाने वाईट नव्हता, फक्त गणित आधी करायचा आणि माणसं मागाहून मोजायचा. त्याने सांगितलं की एवढ्या जुन्या गाडीत एवढा पैसा घालण्यात अर्थ नाही. सामान पोचवणाऱ्या एका कंपनीशी तो बोललाही होता. त्यांची माणसं येऊन गठ्ठे नेतील, फेरीमागे पैसे, ना पेट्रोलची कटकट ना दुरुस्तीची. मग त्याने मामाकडे वळून अगदी प्रेमाने म्हटलं, “मामा, तुम्ही आता आराम करा.”

मामा म्हणाला, “हो, करू की.” आणि दुसऱ्यांदा वाढून घेतलं नाही. सासूबाईंनी भाताचा डाव तसाच हवेत धरून ठेवला होता, तो सावकाश परत पातेल्यात ठेवला.

गाडी आवारात उभी राहिली. बेकरीवाल्याला मामाने सांगितलं की तिला रंग द्यायचा विचार चाललाय. मग तो आराम करू लागला. आराम म्हणजे काय, तर सकाळी उठून लाँड्रीत येऊन उभा राहायचा आणि कुणाच्या ना कुणाच्या मध्ये यायचा. घड्या घालायला बसला, त्याच्या घड्या पाहून सासूबाईंनी डोळे मिटून घेतले. इस्त्री हातात घेतली आणि एका वकिलाच्या शर्टाच्या कॉलरवर होडीच्या आकाराचा डाग पाडला. कोणी रागावलं नाही, आणि तेच वाईट झालं. पूर्वी सासूबाईंनी त्याला उभंआडवं घेतलं असतं. आता त्या म्हणाल्या, राहू दे, होतं असं. पाहुण्याला म्हणतात तसं.

दुसऱ्या दिवशी सून गच्चीवर चादरी घालायला गेली, तर दोरीच्या टोकाला मामाची जुनी प्रवासी पिशवी उन्हात टांगलेली. आतून बाहेरून झटकून, चेन उघडी ठेवून. माळ्यावरून ती पिशवी तिने या घरात आल्यापासून कधी खाली आलेली पाहिली नव्हती. ड्रायरच्या मागे उभं राहून ऐकलेलं ते बोलणं तिला शब्दन् शब्द आठवलं. ते तिने आजवर कुणाला सांगितलं नव्हतं, नवऱ्यालाही नाही. नव्या घरात आपण कोण, हा प्रश्न त्या दिवसांत तिलाही पडलेला होता. तो आणखी कुणाला पडतो हे कळल्यावर तिला तेव्हा जरा बरंच वाटलं होतं.

तिने चादरी तशाच बादलीत सोडल्या आणि सरळ रस्ता ओलांडून बेकरीत गेली.

बेकरीवाल्याला सगळं सांगणं म्हणजे मामाची अब्रू रस्त्यावर मांडणं होतं, हे तिला कळत होतं. तिने तरीही सांगितलं. लाल त्रिकोण, शोरूम, रंगाची थाप, गच्चीवरची पिशवी, सगळं. तिला वाटलं, हा आता मांडीवर थाप मारून हसणार. तो हसला नाही. हातातला पिठाचा गोळा खाली ठेवून म्हणाला, “सूनबाई, माझी व्हॅन पहिल्यांदा आली तेव्हा दिवसाची सगळी फेरी एका दमात करून यायची. आता दुपारी मध्येच आणून तार लावावी लागते. त्याला मी सांगतो, मला दुपारची झोप लागते म्हणून घरी येतो.” मग इकडे तिकडे बघून त्याने सांगितलं की व्हॅनही कधीच बंद पडली असती, पण त्याची भाची असल्याच गाड्यांची कामं करते, बॅटऱ्या उघडून बघते, तिने सांभाळलीय. “त्याला सांगू नको, मी पाठवली म्हणून. नाही, सांग. सांग म्हणजे जरा जळेल, बरं वाटेल त्याला.”

भाची सुट्टीच्या दिवशी आली. बारीक चणीची, केस करकचून बांधलेले, हातात जाडजूड केशरी रबरी मोजे, कारण त्या बॅटरीचा झटका म्हणजे चेष्टा नाही. सगळं घर आवारात जमलं. सासूबाईंना खुर्ची दिली. भाचा हाताची घडी घालून उभा राहिला. बेकरीवाला ‘सहज आलो’ म्हणून आला. मामा गाडीच्या पुढच्या चाकाशी उभा होता. एक हात बॉनेटवर, दवाखान्यात आपल्या माणसाच्या कपाळावर ठेवतात तसा.

तिने आधी मागचं उजवं दार उघडलं आणि विचारलं की सामान कुठं ठेवता? मामाने सीटवरची जागा दाखवली, दाराला टेकून. काचा उघड्या असतात का? नाही, मामा जरा अभिमानानेच म्हणाला, काचा बंद, एसी बंद, कपडे गरम राहतात. भाचीने एकदा त्याच्याकडे आणि एकदा सीटकडे पाहिलं. मग सीटच्या बाजूला, दाराजवळ, बोटभर रुंद एक जाळी होती ती दाखवली. मामाला ती आजवर शोभेची वाटत होती. बॅटरी सीटच्या मागे असते, भाचीने सांगितलं, आणि ती तापते. आत पंखा आहे, तो या जाळीतून गाडीतली हवा ओढून तिला गार करतो. तुम्ही जाळीला गरम गठ्ठा टेकवत होता, आणि गाडीतली हवाही भट्टीसारखी ठेवत होता.

मग तिने सीट काढली, पंखा सोडवला, आणि दोन बोटांनी आतून काहीतरी ओढलं. ते येतच राहिलं. राखाडी, मऊ, जाड, उशीत भरावं तसं. जमिनीवर त्याचा ढीग झाला.

लव. चादरींची, टॉवेलांची, इतक्या वर्षांची कापडाची लव.

“तुमच्याकडे ड्रायरची जाळी कोण साफ करतं?” भाचीने सहज विचारलं.

सगळ्यांची नजर मामाकडे वळली. सासूबाईंनी पदर तोंडाला लावला, पण खांदे हलत होते ते काही लपेना. बेकरीवाला हसू दाबून दाबून लालबुंद झाला. सून तोंड फिरवून ड्रायरच्या खोलीकडे बघत राहिली, कारण त्या खोलीच्या दारावर मामानेच खडूने लिहिलेलं होतं, ‘आधी जाळी’.

मामाने तो ढीग हातात उचलला. हसला नाही. “म्हणजे मीच हिचं नाक दाबून बसलो होतो,” तो म्हणाला.

भाचीने दिवसभर काम केलं. बॅटरी म्हणजे एकच ठोकळा नसतो, आत ओळीने लहान लहान डबे असतात, त्यांतले बहुतेक अजून धड होते. गरमीने भाजलेले तेवढे तिने बदलले, जुने पण चांगले डबे बसवले, पंखा नवा टाकला. तिने उगाच गोड बोलून दिशाभूलही केली नाही. शोरूमवाला खोटं बोलला नाही, तिने सांगितलं, नवी बॅटरी बसवली असती तर पुढे बराच काळ कुणाला बघायला लागलं नसतं. ही जुनी आहे, आणखी एखादा डबा कधी ना कधी जाईल, मग मला बोलवा. पण हिला गार हवा मिळाली तर ही अजून चालेल, चांगली चालेल. भाच्याने किंमत विचारली. फुकट नव्हतीच, पण शोरूमच्या आकड्यापुढे ती ऐकून त्याच्या कपाळावरची आठी उलगडली. त्याने मनातल्या मनात हिशेब केला, हे त्याच्या ओठांवरून सगळ्यांना दिसत होतं. मग त्याने मामाला विचारलं, “उद्या सकाळची दवाखान्याची फेरी आहे. तुम्ही जाताय ना?” माफी मागायची त्याची तीच पद्धत होती.

मामा म्हणाला, जातो. पण आता कपडे गार नेणार. काचा उघड्या, एसी सुरू, गठ्ठा डिकीत. हे त्याने गाडीकडे न बघताच सांगितलं.

सासूबाई खुर्चीतून म्हणाल्या, “पुढची सीट काय शोभेची आहे? इतकी वर्षं तुझ्या शेजारी कुणी बसलं नाही. गठ्ठा बसव तिथं. ब्लँकेटमध्ये गुंडाळून.”

दुसऱ्या दिवशी सकाळी चादरींचा गठ्ठा जुन्या ब्लँकेटमध्ये गुंडाळून पुढच्या सीटवर बसवला. मामाने गाडी सुरू केली तर ती किंचाळायला लागली. पट्टा लावा, पट्टा लावा. गाडीला वाटलं, शेजारी माणूस बसलाय. मामाने उतरून, पलीकडून जाऊन गठ्ठ्याला पट्टा बांधला. सुनेची मुलगी टाळ्या पिटायला लागली, मामाची नवरी, मामाची नवरी. सासूबाई म्हणाल्या, चला, चार दिवसांत जमलं एकदाचं.

तेव्हापासून मामाचं उलटं झालं. पूर्वी घामाने भिजून यायचा, आता एसीच्या गारठ्यामुळे भर उन्हाळ्यात स्वेटर आणि कानाला मफलर बांधून निघायचा. रस्त्यावरचे लोक बघत राहायचे, स्वेटरवाला म्हातारा आणि शेजारी ब्लँकेट पांघरून बसलेलं कुणीतरी. केस कापणाऱ्याने त्याला दाढीचा एक जुना ब्रश दिला. प्रत्येक फेरीनंतर मामा मागचं दार उघडून त्या ब्रशने जाळी साफ करायचा. बाकावरची भांडणं पुन्हा सुरू झाली, फक्त आता दोघेही खरं सांगायचे, आणि त्यामुळे भांडायला उलट जास्त मजकूर मिळायचा. तुझे टायर, माझं पेट्रोल, तुझी दुपारची तार, माझे तीन डबे. एकाच भाचीच्या हातून दोघांच्या गाड्या जायच्या, त्यामुळे ती कुणाची जास्त लाडकी, हाही एक वाद होता. पिशवी माळ्यावर परत गेली. सुनेनेच ती वर टाकली, आणि चेन लावून टाकली.

गाडी चालली. एक डबा गेला, भाचीने बदलला. रंग उडाला, उजव्या दाराचं हँडल सैल झालं, पण लाल त्रिकोण काही परत पेटला नाही. मामाला शेवटी काही दुखणं लागलं नाही. एका दुपारी जेवून आडवा झाला आणि झोपेतच गेला. सासूबाई दोन दिवस इस्त्रीच्या टेबलाकडे फिरकल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, कुणाला त्रास द्यायचा नव्हता, पाहुणाच राहिला मेला. आणि मग रडल्या.

मामा गेला त्या दिवशीची सकाळ सुनेला लख्ख आठवते. आठवण्यासारखं तिच्यात काहीच नव्हतं म्हणून. बाळंतिणींच्या दवाखान्याच्या चादरी होत्या. सुनेने इस्त्रीवरून उतरवल्या, मामाने ब्लँकेटमध्ये गुंडाळल्या. मफलर बांधला. गठ्ठा पुढच्या सीटवर ठेवला, पट्टा लावला, ओढून बघितला. एसी सुरू केला आणि अंगात हुडहुडी भरल्यासारखं केलं, रोज करायचा तसं. फाटकातून गाडी निघाली ती विजेवरच, आवाज न करता. बेकरीवाल्याने पलीकडून नेहमीचं काहीतरी ओरडून विचारलं, मामाने काच न उघडता आतूनच हात हलवला.

नर्सबाई तेव्हा निवृत्तीला आल्या होत्या. त्यांनी नंतर घरी येऊन सांगितलं. मामाने गठ्ठा दिला, म्हणाला, घ्या, गरम आहेत तोवर. त्यांनी गाल लावला, सही केली. मळक्या चादरींची पिशवी त्याने डिकीत टाकली.

परत आला तेव्हा सून दारातच होती. त्याने गाडी सावलीला लावली, पुढच्या सीटवरचं रिकामं ब्लँकेट घडी करून ठेवलं, घडी वाकडीच. मागचं दार उघडलं, खिशातून दाढीचा ब्रश काढला, जाळीवरून दोनदा फिरवला आणि फुंकर मारली. मग किल्ली खिळ्याला अडकवली आणि आत डोकावून विचारलं, “दुपारचे टॉवेल कधी होतायत? मी जरा जेवून घेतो.”